आधी कालची चूक

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आम्हा सगळ्यांचे वडीलधारे केरूशेठ, किनारा वाहिनीचे संस्थापक रघूभाऊ, वाहिनीचा आजचा कारभार पाहणारी त्यांची लेक राही, जिच्यासाठी हे सभागृह भरलंय ती सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या मरियमआपा, आणि समोर बसलेल्या, मागे उभ्या असलेल्या, दाराबाहेर चपलांवर डोळा ठेवून थांबलेल्या तमाम रत्नागिरीकर बंधुभगिनींनो, आत्माराम भाटकराचा तुम्हाला नमस्कार आणि सलाम.

आमच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग खुशाली, मग काम. सभागृहात आलो म्हणून ही रीत का मोडा? तेव्हा आधी खुशाली विचारू द्या. केरूशेठ, गुडघा काय म्हणतोय? आयुष्यभर एका होडीवरून दुसऱ्या होडीवर उडी मारलीत, आणि आज जिन्याने दमवलं तुम्हाला. तेल लावत चला, शेकत चला. रघूभाऊ, साखर कशी आहे? बघा, मान डोलवतायत. पण मघाशी आतल्या खोलीत पेढ्यांच्या खोक्याकडे कुणाचा हात गेला ते राहीनं पाहिलंय. राही, तुझी पाठ बरी का गो? दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर वाकून बसतेस, आंब्याच्या पेटीखाली सापडल्यासारखी. अलीमियाँ, दुसऱ्या रांगेतले, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? दिसतोय का मी स्पष्ट? पूर्वीपेक्षा काळा दिसत असेन तर तो डॉक्टरांचा दोष नव्हे. आणि आमचे सखारामभाऊ! तुम्ही कसे आहात? तुमची तब्येत भर सभेत विचारणं आज माझं कर्तव्यच आहे. का, ते पुढे येईल. जरा उभे राहा, लोकांना नीट दिसू द्या. हां. बसा आता, आभारी आहे.

आपा, तुमची खुशाली मी विचारत नाही. ती आज साडेसातला तुमच्या आवाजावरूनच कळेल सगळ्यांना. आजचं बातमीपत्र तुमचं शेवटचं. परवा तुम्ही झैनकडे मस्कतला निघालात. लेकाकडे जाणाऱ्या आईला अडवू नये, म्हणून आम्ही अडवत नाही. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय सोडणारही नाही. ती कुठली, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उद्या साडेसातला काय?

ते सांगण्याआधी थोडं मागे जाऊ. तरुण मुलांना वाटतं, किनारा वाहिनी म्हणजे फोनमध्ये दिसणारी ती निळी चौकट. अरे बाबांनो, ती फोनमध्ये शिरण्याआधी माडांवरून, कौलांवरून, कुणाच्या न्हाणीघराच्या पत्र्यावरून ओढत नेलेल्या तारेत राहत होती. ती तार मी ओढलेली. मी काही शिकलेला माणूस नाही. मी शाळेला सोडलं की शाळेने मला, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, उघडायचं आणि जोडायचं एवढंच कळत होतं. रघूभाऊंनी गच्चीवर ही भली थोरली डिशची छत्री बसवली, आणि गावाला संध्याकाळी सिनेमा दाखवू लागले. मग त्यांना वाटलं, दुनियेचं सगळं दिसतं, आपल्या गावाचं काहीच दिसत नाही. गणपती कुणाकडे कसा बसला, जेट्टीवर काय आलं, पाणी कुठल्या आळीत येणार नाही, हे दिल्लीवाला कशाला सांगेल? म्हणून गच्चीवरच्या खोलीत बातमीपत्र सुरू झालं.

त्या खोलीचं वर्णन केलं नाही तर पाप लागेल. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या बांधलेल्या. आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच खोलीत रघूभाऊंच्या आईंची आंब्याची अढी. गवतावर हापूस पसरलेला, आणि मधोमध खुर्ची टाकून बातमी देणारा. पाय हलवला तर आंबा चेंगरणार, म्हणून मे महिन्यात आमच्या बातम्या फार शिस्तीत व्हायच्या. अढीतला पहिला पिकलेला आंबा बातमी वाचणाऱ्याचा, हा नियम त्या माउलीने घातला. तो अजून चालू आहे.

तर सुरुवातीला बातम्या कोण वाचायचं? रघूभाऊ स्वतः. रागावू नका भाऊ, आज निरोपाचा दिवस आहे, खरं बोलायलाच हवं. गालात पान, हातात कागद, आणि वाचायचे असे की बातमीपत्र आहे की मासळीचा लिलाव, ते कळू नये. एके दिवशी मरियमआपा माझ्या दुकानात टीव्ही घेऊन आल्या. तेव्हा त्या शाळेत मराठी शिकवायच्या, राजिवड्यात राहायच्या.

म्हणाल्या, "आत्मारामभाऊ, टीव्ही बिघडलाय. संध्याकाळी साडेसातला नीट ऐकू येत नाही."

मी तो खोलला, पुसला, लावून पाहिला. म्हटलं, "बाई, यात काही बिघाड नाही."

"मग माणूस बिघडलाय," त्या म्हणाल्या.

आणि तो माणूस तिथेच स्टुलावर बसून चहा पीत होता! रघूभाऊंचा चहा सांडला. पण हा माणूस मनाचा मोठा. म्हणाले, "एवढं आहे तर तुम्हीच वाचा."

आपा म्हणाल्या, "वाचते. पण डोक्यावरचा पदर ढळणार नाही, आणि कागदावर आहे त्याहून एक शब्द जास्त बोलणार नाही."

लोक बोलले का? बोलले. इकडून बोलले, तिकडून बोलले. कोकणात माणूस बोलायचा थांबला तर शेजारी डॉक्टर बोलावतात. पण महिन्याभरात बोलणारेच साडेसातला गप्प बसून ऐकू लागले.

आता मी त्या वादळाकडे येतो. आज मला ते सांगायचंच आहे. रघूभाऊंची परवानगी मी काल घेतली. ते म्हणाले, "सांग. मी आता साखरेनेच मरणार, लाजेने नाही."

दिवाळी होऊन गेली होती. समुद्र अचानक फिरला. तेव्हा खिशात फोन नव्हते, होडी गेली की गेली, ती दिसेपर्यंत फक्त वाट पाहायची. मिरकरवाड्याच्या आणि राजिवड्याच्या कितीतरी होड्या बाहेर. त्यांत 'सफीना', आणि सफीना चालवणारा तांडेल कोण? आपांचे धाकटे भाऊ, हे आपले अलीमियाँ. त्या संध्याकाळी आपांनी वाचलं, "समुद्रात गेलेल्या होड्यांचा अजून निरोप नाही." आवाज जरासुद्धा हलला नाही. आणि रघूभाऊ शेजारी मशीनवर बसलेले. त्यांना वाटलं, होड्यांची बातमी आहे तर होड्या दिसायला हव्यात. रिकामा पडदा बरा दिसत नाही. हाताशी जेट्टीची आठवड्यापूर्वीची कॅसेट होती, ती लावली.

बाहेर पत्र्यांवर वारा थैमान घालतोय. घराघरात आवाज कुणाला नीट ऐकू येतोय? पण चित्र दिसत होतं. चित्रात सफीना जेट्टीला लागतेय, आणि अली हसत दोर फेकतोय.

अहो, गल्लीत एकच जल्लोष झाला! बायका रडल्या, हसल्या, कुणी साखर वाटली. आणि आपांना यातलं काहीच माहीत नाही, कारण वाचणाऱ्याला पडद्यावर काय चाललंय ते त्या खोलीत दिसतच नसे. बातम्या संपवून, छत्री उलटी होत, त्या घरी पोचल्या. दारात आई उभी. हातात पळी.

"आलीस गो? अली आला! तुझ्याच टीव्हीवर बघितला. भात लावलाय, येईल आता एवढ्यात."

आपा आल्या पावली परत फिरल्या. मी तेव्हा गच्चीवर छत्रीला दोर बांधत होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

त्या म्हणाल्या, "रघूभाऊ, कॅमेरा लावा."

रघूभाऊंना तोवर कळलं होतं. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "आपा, उद्या सांगू. आज लोक दगड घेऊन येतील. कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"तोंड माझं आहे. तुम्ही कॅमेरा लावा."

आणि ओल्या पदराने त्या खुर्चीत बसल्या. त्यांची वाक्यं मला पाठ आहेत. "मघाशी तुम्हाला दाखवलेलं चित्र गेल्या आठवड्याचं होतं. ही आमची चूक आहे. सफीना अजून आलेली नाही. माझा भाऊ तिच्यावर आहे. ज्यांनी आनंदाने जेवण रांधलं असेल, त्यांनी ते झाकून ठेवावं. आपण वाट पाहू." एवढंच. चूक कुणाची, ते नाव घेतलं नाही. त्या रात्री रघूभाऊ त्या गाद्यांच्या भिंतीला तोंड लावून लहान पोरासारखे रडले. बाहेर आवाज गेला नाही. गाद्या चांगल्या होत्या.

दगड घेऊन कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी लोक आले ते विचारायला, "आपा, काही कळलं का?" कारण एवढं तर त्यांना कळून चुकलं होतं, की ही बाई स्वतःच्या आईची समजूत काढायलासुद्धा खोटं सांगणार नाही. पुढे एकेक होडी आली. सफीना जयगडला आसऱ्याला गेली होती, तीसुद्धा सुखरूप परतली. अलीमियाँ घरात शिरले ते "भात आहे का?" असं विचारतच. आईने त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि मग ताट वाढलं. सगळी माणसं घरी आली. वरच्याची कृपा.

त्यानंतर आपा शाळेतून एक पाटी घेऊन आल्या. दगडी, लाकडी चौकटीची, पहिलीतल्या पोरांची असते तशी. म्हणाल्या, "आजपासून कुठलंही चित्र काढाल, तर आधी ही पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची. तारीख आणि गाव. पाटीशिवायचं चित्र मी असताना लागणार नाही."

रघूभाऊ म्हणाले, "आणि तरी चूक झाली तर?"

"तर दुसऱ्या दिवशी आधी ती. मग ठळक बातम्या. बातमी थांबेल भाऊ. चूक थांबत नाही, ती लोकांच्या घरात जाऊन जेवायला बसते."

झालं! त्या दिवसापासून सगळ्या रत्नागिरीला पाटीचं वेड लागलं. आमच्या कॅमेऱ्यापुढे लग्न असो, पालखी असो, मांडवीवरचं विसर्जन असो, आधी पाटी. खुद्द राहीच्या लग्नात रघूभाऊंनी इतक्या प्रेमाने पाटी धरली की अंतरपाट दूर झाला तेव्हाचा नवरीचा चेहराच आला नाही, नुसती तारीख आली. हसतेयस काय राही? जावईबापू अजून विचारतात, नक्की तूच होतीस ना? पण कुवेतला, दुबईला, गिरगावात, परळमध्ये आमच्या कॅसेटी जायच्या, तेव्हा ती पाटी पाहून माणसं म्हणायची, हा आपल्या गावचा याच वर्षीचा गणपती. म्हणजे आपण तिथेच होतो.

आणि कालची चूक? अहो, लोक ठळक बातम्यांपेक्षा तिचीच वाट बघायचे! "काल आम्ही बांगडा स्वस्त झाल्याचं सांगितलं. तो झाला नव्हता. आमच्या भरवशावर पिशवी घेऊन गेलेल्या भगिनींची आम्ही क्षमा मागतो." हे आपांनी असं गंभीरपणे वाचलं होतं की जेट्टीवर कोळणींनी त्या दिवशी खरंच भाव उतरवला. मोठमोठ्या वाहिन्या आहेत, चोवीस तास बोलतात. कधी ऐकलंत त्यांच्या तोंडून, की काल आम्ही चुकलो? आमच्या अढीच्या खोलीतून रोज ऐकलं जात होतं. हीच आमची मिळकत.

आता आजचं. छतावरची तार गेली, घरोघरी दुसऱ्या छत्र्या आल्या, मग फोन आले. आमची केबल घेणारी घरं बोटांवर मोजावीत अशी उरली. पण राहीने हार मानली नाही. तिने बातमीपत्र फोनवर नेलं. आज नाटे गावापासून नालासोपाऱ्यापर्यंत आणि तिथून पार मस्कतपर्यंत आपली माणसं ते बघतात. अंग नवं आलं, जीव तोच. मग अडचण काय? अडचण ही, की आपा निघाल्या. राहीने मला स्पष्ट सांगितलं, "काका, कॅमेरा मिळतो, वाचणारी मुलं मिळतात. पण आपा स्वतःच्या हाताने पाटी देतील त्यालाच मी त्या खुर्चीत बसवीन. नाहीतर बातमीपत्र आपांबरोबर संपलं. नुसतं नाव चालवण्यात मला रस नाही." बापाची लेक आहे, बोलली म्हणजे बोलली.

आणि आपा? गणपतीपासून आम्ही विचारतोय, त्यांचं एकच उत्तर, "बघू." मी एकदा धीर करून विचारलं, "आपा, असं काय हवंय तुम्हाला वाचणाऱ्यात?" तर म्हणाल्या, "वाचायला कुणालाही येतं, भाऊ. चुकल्यावर परत येऊन त्याच खुर्चीत बसायला यायला हवं."

आता सखारामभाऊ, तुमची पाळी आली.

मागच्या महिन्यात आपांना ताप होता. तेव्हा आपल्या सानवीने बातम्या वाचल्या. सानवी म्हणजे हातखंब्याला ज्याचं टायरचं दुकान आहे त्या विनीतची मुलगी, कॉलेज नुकतंच झालेलं. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. शेवटी निधनवार्ता आली. गेले होते सखारामभाऊंचे थोरले बंधू, पिकलं पान, गावी झोपेतच गेले. निरोप पाठवणारे सखारामभाऊ. आणि पोरीने घाईत पाठवणाऱ्यालाच पाठवून दिलं!

सकाळी उजाडायच्या आत सखारामभाऊंच्या अंगणात माणसं. हार आले, फुलं आली. आणि दार उघडलं कुणी? खुद्द यांनी, दात घासत! मला म्हणाले, "आत्माराम, आपल्या मागे किती माणसं येतील ते जिवंतपणी बघायला भाग्य लागतं. सगळे आले. फक्त व्याही आला नाही. त्याला मी लक्षात ठेवलाय."

हसू या, हसण्यासारखंच आहे. पण त्या पोरीला हसू येत नव्हतं. फोनवर लोकांनी तिला काय काय लिहिलं, ते मी इथे उच्चारणार नाही. विनीत म्हणाला, "पोरी, परत जाऊ नको तिथे. राहीताई सांभाळून घेतील." राहीसुद्धा म्हणाली, "आज मी वाचते, तू बस घरी." सानवी काय बोलली? "ताई, चूक माझ्या तोंडून गेली, ती परत माझ्याच तोंडून यायला हवी." आधी ती सखारामभाऊंच्या घरी गेली, पाया पडली, त्यांच्या घरचा चहा प्यायली. मग साडेसातला त्या खुर्चीत बसली आणि सगळ्यांत आधी म्हणाली, "काल मी एका हयात माणसाच्या निधनाची बातमी दिली. ही माझी चूक आहे. सखारामकाका सुखरूप आहेत. मी आज त्यांना भेटून आले. दुःख त्यांच्या घरी आहे, ते त्यांच्या थोरल्या भावाचं आहे, त्यात आपण सहभागी होऊ." आवाज कापत होता. पण डोळे खाली गेले नाहीत.

घरी अंथरुणावर पडून आपांनी ते फोनवर बघितलं. आईच्या तापाचं कळून मस्कतहून आलेल्या झैनने मला सांगितलं, आई उठून बसली होती.

पण पुढे काय? आपा बऱ्या होऊन आल्या, खुर्चीत बसल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. आणि ही सानवी मला परवा म्हणते, "काका, मी जिवंत माणूस मारला. मला कोण देणार पाटी? मी निरोपाला येईन, पण मागे उभी राहीन." ती बघा, खरंच मागे उभी आहे, खांबाच्या आड. लपू नको, ओढणी दिसतेय.

आपा, मी तुमच्यापुढे लहान माणूस. पण तारा जोडण्याचाच माझा धंदा. इकडे तुम्ही गप्प, तिकडे ती गप्प, आणि मध्ये साऱ्या गावाची संध्याकाळ लटकलेली. म्हणून मी येताना वाहिनीच्या खोलीतून ही पाटी घेऊन आलो. कुणाला न विचारता, राही, रागावू नको. यावर आजची तारीख आहे, सकाळी आपांनीच लिहिलेली. ही मी तुमच्यासमोर टेबलावर ठेवतो, हा खडू ठेवतो. तुम्ही "बघू" म्हणालात तरी आम्ही टाळ्याच वाजवू. सक्ती नाही. फक्त उद्या साडेसातला...

थांबा. थांबा जरा, मागे कुणी बोलू नका. आपा उठल्या.

पाटी घेतली त्यांनी. आपा, आजची तारीख पुसू नका हं, संध्याकाळी लागेल! ...नाही, नाही, पुसत नाहीयेत. पाटी उलटी केली. दुसऱ्या बाजूला लिहितायत.

उद्याची तारीख लिहिली, मंडळी. खाली गाव, रत्नागिरी.

काय म्हणता आपा? माइक नको? बरं, मी सांगतो. आपा म्हणतायत, "खांबाआड उभी आहे तिला म्हणावं, पाटी जड आहे, दोन्ही हातांनी धर."

सानवी, ये गो बाय, वर ये. रडायचं नंतर. वाट द्या तिला. विनीत, तू पण रडायला लागलास? टायरवाला ना तू, हवा धरून ठेव जरा!

वाजवा आता टाळ्या. मनसोक्त वाजवा.

...आता आवरतं घेतो. केरूशेठ, गुडघा दुखत असतानाही तुम्ही अध्यक्षस्थान भूषवलंत, तुमचे उपकार आहेत. रघूभाऊ, तुम्ही ती कॅसेट लावली नसती तर आज ही पाटी नसती. देव कुठल्या हाताने काय देतो, सांगता येत नाही. सभागृह देणाऱ्यांचे, चहा करणाऱ्या मंडळींचे, तुम्हा सगळ्यांचे आभार.

अलीमियाँ मघापासून हात करतायत. मला वाटलं, पाणी हवंय. काय म्हणता? ...अरेच्चा! सफीना जयगडला नव्हे, देवगडला गेली होती? बघा. तिच्यावर असलेला माणूस सांगतोय, म्हणजे खरंच असणार. सानवी, उद्या सुरुवातीला तुझं पहिलं वाक्य हेच. "काल निरोप समारंभात आत्माराम भाटकर यांनी सफीना जयगडला गेल्याचं सांगितलं. ती देवगडला गेली होती." नाव घ्यायला लाजू नको, माझं आहे ते.

भाषण संपताना वक्ता म्हणतो, चुकलंमाकलं पोटात घाला. आपा, आमच्याकडे ती पद्धत तुम्हीच मोडलीत, म्हणून मी तसं म्हणणार नाही. पोटात घालू नका. मस्कतला सहा वाजतील तेव्हा इथे साडेसात झालेले असतील. फोन समोर ठेवून बसा, आणि आमचं जे जे चुकेल ते लिहून पाठवा. सवड मिळेल तेव्हा नको, त्याच संध्याकाळी पाठवा. पाटी पुसून, खडू हातात घेऊन आम्ही वाट बघत असू. मे महिन्यात अढी लागली की पहिला आंबा कुणी खाल्ला तेही कळवू.

सुखरूप जा. लवकर लिहा.